मथुरेचा खिळ्यांचा डबा

मथुरेला मी पहिल्यांदा पाह्यलं तेव्हा ती मेलेली हाय असंच मला वाटलं.

गंगापूर रोडला एक नवी बिल्डिंग उभी राह्यली व्हती. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट साफ करायचा व्हता. लिफ्ट अजून चालू नव्हती, म्हणून मी बादली, ब्लेड अन् अ‍ॅसिडची बाटली घेऊन जिना चढले. दार ढकललं, तर हॉलच्या मधोमध एक बाई उताणी पडलेली. हात दोन्हीकडं पसरलेले, डोळे सताड उघडे, छताकडं लागलेले. माझ्या हातातली बादली सुटली. बांधकामावर माणूस मरताना मी पाह्यलेला हाय, पण बाईमाणूस असं एकटं, बंद फ्लॅटात? मी अशी किंचाळले की खालचा वॉचमन शिट्टी फुंकायला लागला.

ती मेलेली बाई पडल्या पडल्या बोलली, "कसाले वरडस? वारा कुठून येतो ते पाहते."

मी भिंतीला टेकून खालीच बसले. ती मात्र सावकाश उठली, पदर झटकला अन् म्हणली, "ह्या घरात दुपारची झोप चांगली लागंल. चल, कुठून सुरू करायचं?"

ती मथुरा. सटाण्याच्या अंगची. नाशकात येऊन जन्म गेला तरी घाबरली किंवा खूश झाली की तोंडातून अहिराणी निघायची. "कसाले वरडस" म्हणजे कशाला ओरडतेस. हे मला तिच्यापासून कळलं. मी इगतपुरीकडची, भाताच्या चिखलातली. नवरा लवकर गेला, एक पोरगं घेऊन शहरात आले. तिचाही नवरा गेलेला, अन् मूल नव्हतं.

आमचं काम सांगते. बिल्डिंग तयार झाली की मालकाला चावी द्यायच्या आधी घर लख्ख करायचं. फरशीवर सिमेंटचे थेंब पडलेले असतात, काचंवर रंगाचे. ते ब्लेडनं खरवडायचे, अ‍ॅसिड टाकून घासायचं. मालक येतो तेव्हा त्याला वाटलं पाहिजे की ह्या घरात त्याच्या आधी कोणी पाऊलच टाकलं नाय. माझ्या बोटांची कातडी किती वेळा सोलून निघाली त्याची गिनती नाय. भाकरीला मीठ लावलं तरी बोटं झोंबायची. असो. काम व्हतं, पोट भरत व्हतं.

दुसऱ्या बाया आल्या की झाडू हातात घ्यायच्या. मथुरा आधी आडवी पडायची. एकेका खोलीत पाच मिनिटं. तेवढा वेळ कोणी बोलायचं नाय, हा तिचा नेम. मंग उठून सांगायची, "इथं म्हातारं माणूस झोपवायला पाहिजे, सकाळचं ऊन पायावर येतं." नायतर म्हणायची, "ह्या दाराला पडदा नको, वारा अडंल." मी विचारायची, "तुला कोणी सांगितलं?" ती म्हणायची, "घर बोलस, जिजे. घर बोलतं. आपण आधी झाडू मारतो म्हणून ऐकू येत नाय."

बाया हसायच्या. "मथुरे, तुझं स्वतःचं घर काय बोलतं गं?"

"ते भाड्याचं हाय," ती म्हणायची. "त्याला तोंड उघडायची परवानगी नाय."

हे हसण्यावारी न्यायची, पण तिच्या पोटातलं दुखणं तेच व्हतं. नवरा गेल्यावर तिनं अकरा खोल्या बदलल्या. दर खोलीच्या मालकाचं पहिलं वाक्य एकच, "भिंतीला खिळा ठोकायचा नाय." अकरा खोल्यांत तिनं एक खिळा ठोकला नाय. कपडे दोरीवर, आरसा जमिनीवर भिंतीला टेकवलेला, नवऱ्याचा फोटो पेटीत. साइटवर मात्र फरशीवर पडलेले वाकडे खिळे उचलायची, दगडानं ठोकून सरळ करायची अन् बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. मी एकदा म्हणलं, "हे काय भंगार गोळा करते?"

"भंगार नाय. माझ्या घराचे खिळे हायेत."

"घर कुठं हाय?"

"खिळे तर झाले," ती म्हणली. "अर्धं काम झालं."

कामावरून पायी घरी जाताना तिच्याबरोबर चालणं म्हणजे शिक्षा. दहा पावलं झाली की थांबायची. कांदेवाल्यानं गाडीवर लाल कांदा एका अंगाला अन् पांढरा एका अंगाला रचलेला असला की म्हणायची, "पाह्य, हाच रंग लुगड्याला कोणी लावला तर?" घाटावर धुतलेली लुगडी पायऱ्यांवर वाळत घातलेली दिसली की तिथंच उभी राहायची. रिक्षावाल्यांचे पडदे तर तिला पाठ. "फुकटचं हाय जिजे, डोळे भरून पाहून घे," म्हणायची. मला शेवग्याच्या शेंगा घ्यायच्या असायच्या अन् ही रिक्षाचा पडदा पाहत उभी.

कामावर आम्ही सगळ्याच लुगड्यावरून पुरुषाचा जुना शर्ट घालायचो. हिनं शर्टाच्या बाह्यांना फाटक्या लुगड्याचे काठ शिवले. हिरवा शर्ट अन् जांभळा काठ. फ्लॅट पाहायला आलेल्या एका पोरीनं विचारलं, "मावशी, कुठून घेतलात?" मथुरा म्हणली, "दुकानातून नाय ताई, फाटक्यातून." पोरीनं फोटो काढला. काही महिन्यांनी एका दुकानाच्या काचेतल्या पुतळीच्या अंगावर तसाच शर्ट. बाहीला लुगड्याचा काठ! मी रस्त्यातच थबकले. माझं डोकं तापलं. "मथुरे, तुझं चोरलं गं!"

ती काचेला नाक लावून पाहत व्हती. म्हणली, "काठ उलटा लावलाय बाईनं." अन् खदखदून हसली.

घराची मांडणी करून देणारा एक तरुण साहेब असायचा, हातातल्या कागदावर सगळं घर काढलेलं. एकदा एक मास्तरीणबाई आपला फ्लॅट पाहायला आल्या. साहेब दाखवत व्हता, पलंग इथं, कपाट तिथं. आम्ही कोपऱ्यात फरशी घासत व्हतो. मथुरा बसल्या बसल्या बोलली, "ताई, पलंग तिकडं नका ठेवू. उन्हाळ्यात सहाला ऊन डोळ्यात येईल."

मालकाशी बोलायचं नाय, असं मुकादमानं बजावलेलं.

साहेब हसला. "मावशी, तुम्ही फरशी बघा."

"फरशी पाहूनच सांगते दादा. सहाला ऊन ह्या फरशीपर्यंत येतं, आठला तिथपर्यंत जातं. आठ दिवस इथंच घासते मी." मंग मास्तरीणबाईंकडं वळली. "अन् ताई, घरात भाकरी कोण करतं?"

"सासूबाई," त्या गोंधळून म्हणल्या.

"त्या तुमच्यापेक्षा ठेंगण्या ना? मंग ओट्याची उंची त्यांच्या कमरेला विचारा. तुमच्या नका धरू."

मला वाटलं, गेलं काम. पण महिन्याभरानं मास्तरीणबाई पेढे घेऊन आल्या. अन् तो साहेब तेव्हापासून नवा फ्लॅट असला की मथुरेला बाजूला घेऊन हळूच विचारायचा, "मावशी, पडून झालं का? काय म्हणतंय घर?" ती त्याला सांगायची, "दादा, तू भिंत मोजतो. माणूस मोज." ती स्वतः विती लावून बायांना मोजायची. खांदा किती, हात वर कुठं पोचतो.

माझा हात तर कुठंच पोचत नव्हता. शिडीच्या घोडीवर चढून माळा पुसताना मी पडले तेव्हा उजवा खांदा निखळला. मथुरा चांगली उंच, धिप्पाड. तिनं मला पाठुंगळी घेऊन पाच मजले उतरवलं. हाड बसलं, पण हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. आजही जात नाय. पोराच्या घरी राहते मी, तेही भाड्याचं. तिथल्या खुंट्या अन् फळ्या सगळ्या उंच, आधीच्या मालकानं लावलेल्या. पिशवी काढायची तर सुनेला हाक मारावी लागते. ती कामात असते, येते तेव्हा येते. म्हणून मी पिशवी उशाखाली ठेवते. तक्रार नाय, सांगते फक्त.

एकदा रिकाम्या फ्लॅटात मथुरा म्हणली, "जिजे, भिंतीला पाठ लावून उभी राहा. हात वर कर, दुखायला लागलं की थांब." मी केला. तिनं पांढरा दोरा फरशीपासून माझ्या बोटांपर्यंत धरला अन् गाठ मारली. मंग डोळ्यांपाशी एक गाठ, कमरेपाशी एक. "काय चाललंय?" मी विचारलं. "गंमत," म्हणली, अन् दोरा गुंडाळून खिळ्यांच्या डब्यात टाकला. मी विसरून गेले.

आता जे सांगते ते मी कोणाला सांगितलेलं नाय.

एका मोठ्या फ्लॅटाची वास्तुशांत दुसऱ्या दिवशी व्हती. गॅस जोडलेला. आम्ही दमलो व्हतो, म्हणून चहा करायचं ठरवलं. नव्या घरात पहिलं दूध घरच्या बाईनं तापवायचं अन् उतू जाऊ द्यायचं असतं, हे आम्हाला काय माहीत नव्हतं? लहानपणापासून माहीत. पण आमच्यासाठी ती घरं घरं नव्हतीच, काम व्हतं. ध्यानातच आलं नाय. मथुरा आतल्या खोलीत आडवी पडलेली. मी पातेल्यात दूध ठेवलं अन् खिडकीवरचा रंगाचा ठिपका खरवडायला वळले. दूध फसफसून वर आलं, ओट्यावर सांडलं, खाली फरशीवर ओघळलं. तेवढ्यात दार उघडलं. मालक, त्याची बायको, अन् म्हातारी सासू. हातात पूजेचं ताट.

म्हातारीनं ओट्याकडं पाह्यलं अन् ताट दारातच खाली ठेवलं. "अगं बाई! आमच्या घरातलं पहिलं दूध ह्यांनी उतू घातलं!" सून रडायलाच लागली.

आतून मथुरा आली. तिनं एकदा माझ्याकडं पाह्यलं, एकदा ओट्याकडं. अन् म्हणली, "मी ठेवलं व्हतं दूध."

मी तोंड उघडलं नाय. पोराला तेव्हा कावीळ झालेली, मला काम पाहिजे व्हतं. हे खरं हाय अन् ते मला पुरं पडत नाय. मुकादमानं तिला त्याच दिवशी काढलं. साहेबाचंही विचारणं बंद झालं. मथुरा एका मंगल कार्यालयात भांडी घासायला लागली. मी तिच्या खोलीवर गेले, माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणली, "दूध कोणत्या अंगाला गेलं, पाह्यलं का तू? उगवतीला गेलं. त्या घराचं चांगलं व्हणार बघ." अन् चहा टाकला. पुन्हा कधी विषय नाय.

मंग कितीक वर्षं गेली. मागल्या साली मथुरेला घरकुलात खोली लागली. चौथा मजला, एक खोली अन् स्वयंपाकघर. सोडतीत नाव निघालं तेव्हा ती रस्त्यावर मटकन बसली. तिला कधी असं पाह्यलं नव्हतं. म्हणली, "जिजे, आता खिळा ठोकला तर कोणी ओरडणार नाय ना?"

"तूच मालकीण. तूच ओरड."

पण मला तिनं घर पाहू दिलं नाय. "पुरं झालं की बोलावते." तिच्या शेजारची एक बाई बाजारात भेटली, ती म्हणली, "तुमची मैत्रीण जरा डोक्यानं गेली का हो? इतकी ताडमाड बाई, अन् सगळं घर पोराटोरांच्या मापाचं लावलंय. आरशात तिचा गळाच दिसतो." मला धक्काच बसला. मनात म्हणलं, वय झालं, चूक झाली असंल. जिनं लोकांची घरं मापून दिली तिचंच माप चुकलं. वाईट वाटलं.

दोन दिवसांनी तिचा फोन. "उद्या सकाळी ये. दूध घेऊन ये. पहिलं दूध तू उतू घालायचं."

"मी? माझं काय घर हाय ते? अन् मी विधवा बाई."

"मी कोण हाय मंग, नवी नवरी? मागं एकदा घातलंस तेव्हा कोणाला विचारलं व्हतंस?"

इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तिनं ते काढलं. अन् हसली. मीही हसले, अन् फोन ठेवल्यावर रडले.

सकाळी दूध घेऊन गेले. दार नुसतं लोटलेलं. आत पाय टाकला तर मथुरा खोलीच्या मधोमध उताणी पडलेली. हात पसरलेले. डोळे छताकडं.

मला हसूच आलं. "स्वतःच्या घरातही ऐकायचं बाकी हाय का गं?" म्हणलं. मंग आठवलं, ती पडलेली असली की बोलायचं नाय. मी गप्प झाले. चपला काढल्या. पिशवी खिळ्याला अडकवली. फळीवरचं पातेलं घेतलं, दूध ओतलं, गॅस पेटवला. पाच मिनिटं तर थांबायचं.

उभ्या उभ्या माझं मलाच कळलं. मी पिशवी अडकवली. कोणाला हाक न मारता. पातेलं काढलं, खांद्याला कळ आली नाय. मी आजूबाजूला पाह्यलं. दाराची कडी खाली. आरशात माझं सगळं तोंड, गळा नाय. ओटा माझ्या कमरेला. दोन पलंग, एक लांब, एक आखूड, अन् आखूड पलंगाच्या पायथ्याशी सकाळचं ऊन. तिचं माप चुकलेलं नव्हतं.

"मथुरे," मी म्हणलं. "अगं मथुरे, हे काय केलं तू?"

ती बोलली नाय.

मी वाकले. गालाला हात लावला. फरशीपेक्षा थंड.

मागं दूध उतू गेलं. आवाज आला, वास आला, मला वळता आलं नाय. मी किंचाळलेसुद्धा नाय. तिच्या बाजूला बसून राह्यले. शेजारणीनं करपल्याच्या वासानं येऊन गॅस बंद केला. डॉक्टर म्हणले, पहाटेच गेल्या.

सटाण्याहून तिचा भाऊ आला. भला माणूस. दिवस झाल्यावर आम्ही दोघं घरात गेलो. ओट्यावर दुधाचा डाग वाळून बसलेला. माझा हात आपसूक पिशवीत गेला, ब्लेड अजून असतं माझ्याजवळ. जन्मभर तेच केलं, मालक यायच्या आत डाग काढला. डागाला ब्लेड लावलं अन् थांबले. ओघळ खिडकीकडं गेलेला, उगवतीला. मी ब्लेड परत ठेवलं.

भाऊ म्हणला, "अक्का, खोली तर आता पोराला देतो, लगीन झालंय त्याचं. तुम्हाला काय पाहिजे ते न्या." बरोबर हाय. रक्ताचं नातं त्याचं. बाहेर पडताना त्याचा पोरगा भिंतीकडं पाहून म्हणला, "एवढे खाली खिळे कोणी ठोकले?" अन् पकड आणायला गेला.

मी खिळ्यांचा डबा मागून घेतला. घरी येऊन उघडला. तीन खिळे उरलेले, अन् खाली पांढरा दोरा. तीन गाठींचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगं कामावर अन् सून भांडी घासत. मी दोरा भिंतीला लावला, वरच्या गाठीपाशी खिळा धरला अन् वरवंट्यानं ठोकला. सून धावत आली. "आत्या! अहो मालक काय म्हणतील?"

"म्हणू दे," मी म्हणलं. पिशवी अडकवली. राह्यली.

सून बडबडत आत गेली. मी फरशीवर बसले, मंग आडवी झाले. उताणी. हात पसरले, उजवा जेवढा जातो तेवढा. छताला एक ओल आलेली मला इतक्या वर्षांत दिसली नव्हती. थोड्या वेळानं सून पुन्हा बाहेर आली अन् तिच्या हातातली ताटली खणकन पडली. "आत्या! आत्या! अहो, धावा कोणीतरी!"

"कसाले वरडस?" मी म्हणलं. "वारा कुठून येतो ते पाहते."